चुना आणि पापडखार

कुसुमबाई गजभिये तीन दिवसांपासून स्टुलावर टेकल्या नव्हत्या. पॅकिंग सेक्शनमध्ये बायांचं काम बसून करायचं असतं. लाकडी पेटीत पुठ्ठ्याचे खण बसवायचे, माल नीट ठेवायचा, वरून झाकण लावायचं. चहाची आणि जेवणाची सुट्टी सोडली तर आठ तासांत उठायची गरज पडत नाही. आणि या बाई उभ्या. पेटी टेबलाच्या काठावर ओढून घ्यायच्या, वाकायच्या, आणि वाकताना खालचा ओठ दातांखाली धरायच्या.

शेजारच्या शकुनं पहिल्या दिवशी थट्टा केली.

"काहून वो कुसुमताई, स्टुलाले काटे फुटले का?"

"कंबर धरली," कुसुमबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शकु हसली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं काही न विचारता आपली शाल घडी करून त्यांच्या स्टुलावर ठेवली. कुसुमबाईंनी शालीकडे पाहिलं, मान हलवली आणि उभ्याच राहिल्या.

दुखणं कंबरेचं नव्हतं. जिथं होतं त्या जागेचं नाव घ्यायला त्यांच्या घरात, वस्तीत, विहारातल्या महिला मंडळात, कुठंच शब्द नव्हता. दसऱ्याच्या सुमारास आंघोळ करताना हाताला काही लागलं होतं. मोहरीच्या दाण्याएवढं, मऊ, न दुखणारं. त्यांना वाटलं, घामोळं असेल. दिवाळीपर्यंत एकाचे पाच झाले, आणि त्यांचा मिळून फुलकोबीच्या तुऱ्यासारखा एक लहानसा झुपका झाला. ना खाज, ना कळ. न दुखणाऱ्या गोष्टीची इतकी भीती वाटावी, हे त्यांना शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

फॅक्टरीचा दवाखाना जबलपूरच्या खमरियात, क्वार्टरपासून पायी दहा मिनिटांवर होता. औषध फुकट, डॉक्टर चांगले. पण तिथं जायचं तर मेडिकल बुक घेऊन जावं लागे. प्रत्येक कर्मचाऱ्याचं एक बुक, त्यात सगळ्या घराचे आजार ओळीनं लिहिलेले. ते आधी खिडकीवर द्यायचं, तिथून डॉक्टरांच्या टेबलावर, मग इंजेक्शनच्या खोलीत, मग औषधाच्या खिडकीवर. आणि या चारही ठिकाणी कुसुमबाईंच्या ओळखीचं माणूस बसलेलं. ड्रेसिंगला पुष्पा मेश्राम होती. ती महिला मंडळात त्यांच्या मांडीला मांडी लावून वंदना म्हणायची. औषधं देणारा तिचा दीर. विधवा बाईच्या बुकात असला आजार लिहिला गेला, तर तो संध्याकाळपर्यंत टाईप टू क्वार्टरांच्या सगळ्या ओळी फिरून येईल, असा हिशोब कुसुमबाईंनी मनाशी बांधला, आणि बुक कपाटातल्या लुगड्यांखाली ठेवून दिलं.

त्याऐवजी त्या शहरात कांचघरला भैयालाल वैदूकडे गेल्या. त्याच्या दुकानावर पाटी होती, मस्सा, बवासीर, भगंदर, बिना ऑपरेशन. त्याला त्यांनी सांगितलं, मांडीवर मस आहे, चामखीळ. त्यानं मांडी पाहिली नाही, विचारलंही नाही. तपकिरी बाटली कागदात गुंडाळून दिली. "बाई, आगकाडीच्या टोकानं लावा. जळजळ होईल, होऊ द्या. पाचव्या दिवशी गळून पडेल."

तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. मांडीची राठ कातडी असती तर कदाचित गळूनही पडलं असतं. पण ती जागा ओठाच्या आतल्या कातडीसारखी नाजूक. पहिल्या दिवशी आग झाली, दुसऱ्या दिवशी पांढरं पडलं. तिसऱ्या दिवशी जखम झाली, आणि झुपका होता तसाच राहिला. तरी कुसुमबाईंनी पाच दिवस पुरे केले. सांगितलेलं अर्ध्यात सोडायचं नाही, ही त्यांची सवय.

उभं राहून काम करण्याच्या त्या तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गुणवंत रामटेके त्यांच्या टेबलाशी आले. ते सेक्शनचे सुपरवायझर होते, आणि कुसुमबाईंच्या नवऱ्याचे, देवीदासचे मित्र. दोघं भंडारा जिल्ह्यातल्या एकाच गावचे, एकाच साली जबलपूरला येऊन फॅक्टरीला लागलेले. नऊ वर्षांपूर्वी देवीदास काविळीनं गेला, तेव्हा अनुकंपेवरच्या नोकरीच्या अर्जापासून सहीपर्यंत गुणवंतच कुसुमबाईंच्या बरोबर ऑफिसांच्या पायऱ्या चढले होते. पुढं त्यांची बायकोही वारली. दिवाळीला ते कुसुमबाईंकडे जेवायला येत. एवढंच.

"वहिनी, ताप आहे तुम्हाला," ते म्हणाले.

"नाही, भाऊजी."

"डोळे लाल दिसून राहिले. गेटपास करून देतो. चला दवाखान्यात."

"फॅक्टरीच्या दवाखान्यात नाही जात मी."

गुणवंतनी त्यांच्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही. ती त्यांची रीत नव्हती. "मग मेडिकलला जाऊ. मेडिकलला तर चालते ना?"

स्कूटरच्या मागच्या सीटवर कुसुमबाई एका अंगावर रेलून बसल्या. खमरिया ते मेडिकल कॉलेज म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांत पाणी येई. मेडिकलमध्ये त्यांनी आधी बायांच्या ओपीडीत चिठ्ठी काढली. तिथल्या नर्सनं तपासून त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दारावर पाटी होती, चर्म एवं रति रोग विभाग. कुसुमबाई सातवी शिकलेल्या. पाटी वाचून त्यांनी पदर पुढं ओढला. जिन्याशी वळून पाहिलं, तर गुणवंत खालीच थांबले होते आणि आपण इथले नाही अशा चेहऱ्यानं कॅलेंडर वाचत होते.

डॉक्टर विनीता मॅडम तिशीच्या, चष्मेवाल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पडदा लावून तपासलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

"ये जलाया किसने?"

कुसुमबाईंनी भैयालालचं नाव सांगितलं नाही. "मीच," एवढंच म्हणाल्या.

"दर महिन्याला मी असे चार जळालेले पाहते," मॅडम हिंदीतून म्हणाल्या. "रोगानं कमी आणि लाजेनं जास्त. बसा. बसवत नसेल तर कुशीवर पडा, आणि ऐका. दोनदा विचारलंत तरी चालेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे मस एका विषाणूचे. हातापायाला येतात त्यांच्याच जातकुळीचे, पण वेगळ्या जागेचे. ते संडासातून येत नाहीत, बसच्या सीटवरून येत नाहीत. आंघोळ कमी केली म्हणूनही येत नाहीत. अंगाला अंग लागून येतात, नवरा-बायकोच्या संबंधातून. या विषाणूचे पुष्कळ प्रकार आहेत. मस आणणारे बहुधा वेगळे आणि कर्करोगाकडे नेणारे वेगळे, तरी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी एकदा करून घ्यायची. आधी ही जखम भरू द्यायची. मग ती जागा बधिर करून मस विजेच्या सुईनं काढायचे, एकदा नाही तर दोनदा. ते पुन्हा येऊ शकतात. आले तर पुन्हा काढायचे. तोपर्यंत कोमट पाण्याच्या टबात सकाळ-संध्याकाळ बसायचं, आणि भैयालालांकडे जायचं नाही.

नाव न सांगताही मॅडमला ते ठाऊक होतं. कुसुमबाईंना एरवी हसू आलं असतं.

"पती?" मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

"नऊ साल हो गये. गुजर गये."

पेन थांबलं. मॅडमनी मान वर केली. त्या नजरेत संशय नव्हता, पण प्रश्न होता, आणि तो त्यांनी सरळ विचारला. "त्यांच्यानंतर कुणी?"

"नाही." कुसुमबाई मराठीतच बोलल्या. "पोरीची शपथ. कुणी नाही."

"शपथेची गरज नाही. मला औषधासाठी विचारावं लागतं." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हा विषाणू अंगात झोपून राहू शकतो. कुणाच्यात काही महिने, कुणाच्यात काही वर्षं. नऊ वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, रोज दिसत नाही. पण होऊ शकतं. शरीराचा पहारा ढिला पडला की तो उठतो. तुमची साखर तपासली कधी?"

साखर तपासली. दुपारी चिठ्ठी आली. साखर पुष्कळ वाढलेली होती, आणि कुसुमबाईंना त्याचा पत्ताच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "हा बघा तुमचा ढिला पहारा."

पण तोपर्यंत कुसुमबाईंचं मन दवाखान्यात राहिलंच नव्हतं. ते जुन्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलं होतं. देवीदास चार महिन्यांच्या ड्यूटीवर दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात गेला होता. परत आल्यावर एका रविवारी त्यानं पानठेल्यावरून चुना आणला आणि म्हणाला, "याच्यात पापडखार टाकून घोटून दे." कुसुमबाईंनी विचारलं, कशाला. तो म्हणाला, टाचेला कुरूप झालं आहे, जाळायचं आहे. त्यांनी वाटीत घोटून दिलं. सलग आठ-दहा दिवस दिलं. तो ते घेऊन न्हाणीत जायचा आणि कडी लावायचा. एकदा आतून दात दाबून कण्हल्याचा आवाज आला, तेव्हा त्या बाहेरून म्हणाल्या, "इतकं दुखते तर राहू द्या ना." त्यांनी त्याची टाच कधी पाहिली नव्हती. बायको नवऱ्याची टाच काहून पाहील?

आज मॅडमच्या टेबलाजवळ कुशीवर पडून त्यांनी ती टाच पाहिली. तिच्यावर काही नव्हतं.

जखम भरायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत गुणवंत तीनदा त्यांना मेडिकलला घेऊन गेले आणि परत आणून सोडलं. खमरियाच्या क्वार्टरांत एका विधवेच्या दाराशी एका विधुराची स्कूटर तीनदा थांबली, तर ती मोजायला वेगळं माणूस नेमावं लागत नाही.

मनीषा, त्यांची मुलगी, तेवीस वर्षांची. रांझीच्या एका खाजगी शाळेत ती मुलांना विज्ञान शिकवायची. मराठी समजायचं सगळं, पण बोलताना अर्ध्यात हिंदी यायची. बाप गेला तेव्हा ती चौदाची होती. देवीदासनं तिला सायकलच्या दांडीवर बसवून पाढे शिकवले होते. गुरंदी बाजारातून जुना पृथ्वीचा गोल आणून, त्याचा तुटलेला आस फॅक्टरीत नवा बनवून दिला होता. तो गोल आता मनीषाच्या वर्गात होता. आईनं तिला वाढवलं, भाकरी घातली, फी भरली. पण आयुष्यात आपण कुणासारखं व्हायचं, असं कुणी विचारलं असतं तर मनीषानं बापाचं नाव घेतलं असतं, आणि कुसुमबाईंना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

मेडिकलची चिठ्ठी तिला गव्हाच्या डब्यामागे सापडली. त्यावरचं इंग्रजी नाव तिनं कागदावर उतरवून घेतलं, आणि शाळेच्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकात शोधलं. पानावर चार परिच्छेद होते. पहिल्यात तो रोग कशानं होतो ते होतं, चौथ्यात तो किती वर्षं दबून राहू शकतो ते होतं. मनीषानं पहिला वाचला आणि पुस्तक मिटलं. वर्गात तिची मुलं असं करत तेव्हा ती त्यांना बाकावर उभं करायची.

त्या संध्याकाळी तिनं ताटं वाढली आणि आपलं ताट घेऊन दारात बसली.

"आई, एक बात पूछू?"

"विचार."

"गुणवंतकाका अजून किती दिवस सोडायला येणार आहेत?"

"मॅडमनी सांगितलं तेवढे दिवस. बसनं जमत नाही मला."

"बसनं नाही जमत. अच्छा." मनीषानं घास मोडला, तोंडात घातला नाही. "मी किताबमध्ये पाहिलं, आई. तुझी चिठ्ठी."

कुसुमबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"काय पाहिलं?"

"जे लिहिलं आहे ते. ये बीमारी कशी होते ते."

"सगळं वाचलं का?"

"एवढं पुरे आहे मला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पप्पांचा फोटो भिंतीवर आहे, आई. त्यांच्या समोर बसून तू जेवते."

वाक्य कुसुमबाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यात चुना होता, पापडखार होता, न्हाणीची कडी होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचं कपाळ, तिची हनुवटी, सगळं त्याचं. "तुला वाटते तसं काही नाही," त्या म्हणाल्या.

"मग कुठून आलं?"

कुसुमबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. गप्प बसण्याचा अर्थ मुलगी काय लावेल हे त्यांना कळत होतं, आणि तिनं तोच लावला.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीत दोन साबण आले. मनीषाचा टॉवेल आतल्या खोलीत गेला. आई आंघोळ करून आली की ती फिनाईलची बाटली घेऊन आत जायची आणि फरशी घासायची. रोज, न बोलता. सगळ्या घराला दवाखान्याचा वास यायला लागला. आपला पेला तिनं वेगळ्या फळीवर ठेवला. आईला कुठं जायचं, कधी यायचं, काही विचारलं नाही.

गुणवंतही येईनासे झाले. एक दिवस ते सेक्शनमध्ये टेबलाशी येऊन कागद चाळत म्हणाले, "वहिनी, माझ्या पोराच्या सासरचे लोक आले होते काल. काहीबाही बोलून राहिले. तुम्हालाच त्रास व्हायचा."

"बरोबर आहे, भाऊजी."

ते जायला वळले, तेव्हा कुसुमबाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही आणि मनीषाचे पप्पा संगच होते ना त्या बाहेरगावच्या ड्यूटीवर? चार महिने?"

गुणवंतच्या हातातले कागद थांबले. "त्याला किती वर्षं झाली, वहिनी," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाचं आता काय काढता." आणि कागदांत डोकं घालून निघून गेले. त्यांनी कशाबद्दल विचारता असं विचारलं नाही, हे कुसुमबाईंच्या ध्यानात राहिलं.

बसनं जायचं म्हणजे अख्ख्या दिवसाची रजा. रजेसाठी मेडिकलचा कागद फॅक्टरीच्या दवाखान्यात दाखवून शिक्का घ्यायचा होता. त्यातून सुटका नव्हती. कुसुमबाईंनी बुक लुगड्यांखालून काढलं आणि गेल्या. खिडकीवरच्या बाबूनं कागद पाहिला न पाहिला, बुकात "स्किन" एवढा एक शब्द लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं. पुष्पानं मात्र त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत ओढून घेतलं आणि दार लोटलं.

"कागद वाचला मी, कुसुमताई."

कुसुमबाई भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"माझ्यापाशी याच्या बाया महिन्याला दोन येतात. नावं सांगू का? नाही सांगत. तुमचंही नाही सांगत." पुष्पानं जखम पाहिली, जीभ टाळूला लावून आवाज केला. "पहिल्याच दिवशी आली असती तर हे जळालं नसतं, बाई. कोणाले भेली तू? मले?"

कुसुमबाईंना तिथं रडू आलं. घरी आलं नव्हतं, ते स्पिरिटच्या वासात, पुष्पाच्या खांद्यावर आलं. ज्या चार खिडक्यांना भिऊन त्या कांचघरला गेल्या, त्या खिडक्यांना त्यांच्याकडे पाहायला फुरसतही नव्हती.

मॅडमनी पहिल्या वेळी अर्धे मस काढले. बधिर करायची सुई तेवढी दुखली, बाकी करपल्याचा वास. एक तुकडा तपासायला गेला आणि निर्मळ आला. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही ठीक आली. पण परतीच्या बसमध्ये नव्या गोळ्यांनी साखर उतरून कुसुमबाईंना घेरी आली, आणि एका भाजीवालीनं त्यांना धरून बसवलं. हे ऐकल्यावर मॅडमनी बजावलं, "पुढच्या वेळी घरचं माणूस पाहिजे. नाही तर मी हात लावणार नाही."

घरचं माणूस एकच होतं. मनीषा आली. बसमध्ये ती पुढच्या दाराशी उभी राहिली, आई मागं. मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर पाटी वाचून तिनंही ओढणी पुढं घेतली.

उरलेले मस काढून झाले. मॅडम हात धुऊन आल्या, दोघींकडे पाहिलं, आणि दोघींच्या मधली रिकामी खुर्चीही पाहिली.

"बेटीला काही माहीत आहे?"

"तिला किताबमधलं माहीत आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. मला सांगितलं तसं सगळं सांगा. माझी ना नाही."

मॅडमनी सांगितलं. फिनाईलनं काही होत नाही, पेला वेगळा ठेवून काही होत नाही. आणि मग झोपलेल्या विषाणूची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, शेतात तण जाळलं तरी बी मातीत राहतं. वर्ष, दोन वर्षं, कित्येक वर्षं. एखादा पाऊस वेगळा पडतो आणि ते उगवतं. मग कालच बी टाकलं म्हणून शेजाऱ्याला धरायचं का?

मनीषा विज्ञान शिकवायची. तिला उपमेची गरज नव्हती, आणि ती उपमेपाशी थांबलीही नाही. "नऊ साल राहू शकतो?"

"राहू शकतो. आईची साखर कित्येक महिने वाढलेली असणार. तेवढं पुरतं."

मनीषानं हिशोब केला. तो कुसुमबाईंना तिच्या चेहऱ्यावर होताना दिसला, पाटीवर आकडे उमटावेत तसा. नऊ वर्षं. नऊ वर्षांपूर्वी घरात कोण होतं.

मॅडमलाही दिसला असावा. "हे कुणाकडून कधी आलं, ते जगातला कुठलाही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही," त्या घाईनं म्हणाल्या. "लग्नाच्या आधीचंही असू शकतं. ज्याच्यापासून येतं त्याला स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसतं. त्याच्या अंगावर काही दिसलेलंच नसतं."

मनीषानं मान हलवली. ती वाक्यं तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली आहेत, असं कुसुमबाईंना वाटलं.

बाहेर थंडीचं ऊन होतं. बसस्टॉपवर गर्दी नव्हती. मनीषानं आईच्या हातातली औषधाची पिशवी घेतली. चिठ्ठी सापडल्यापासून पहिल्यांदा. बराच वेळ ती मुठीत पिशवीचे बंद पिरगाळत राहिली.

"आई."

"हं."

"मी... ते किताबमध्ये पुढं होतं. मी नाही वाचलं."

"जाऊ दे."

"नाही, जाऊ काय दे." ती थांबली. मग रस्त्याकडे पाहत म्हणाली, "मॅडम म्हणाल्या ना, शादीच्या आधीचंही असू शकते. पप्पांनाही माहीत नसेल. होऊ शकते ना?"

"होऊ शकते."

"त्यांना कधी असं काही झालं होतं का? तुला दिसलं का कधी?"

कुसुमबाईंना ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. चिठ्ठी सापडली त्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. रोज पहाटे टबात बसल्या बसल्या त्यांनी त्याची उत्तरं ठरवली होती, आणि बहुतेक दिवशी ठरलं होतं ते नाही. नाही म्हटलं तर पोरीपाशी बाप राहील. तो तिनं आयुष्यभर जपलेला. पण मग संशयाचं एक बीही राहील, आणि ते कुठं राहील? पुढं कधीतरी दिवाळीला गुणवंत जेवायला आले, की पोर आईच्या चेहऱ्याकडे पाहील. साबण एक होतील, तरी पाहील. आणि त्याहून खोल, पोटाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी टबात बसूनही स्वतःला सांगितली नव्हती. नऊ वर्षं त्यांनी त्या माणसाच्या फोटोसमोर उदबत्ती लावली होती. त्यांचाही राग यायचा बाकी होता. आणि तो कुणाजवळ तरी म्हणायचा होता.

"झालं होतं," त्या म्हणाल्या.

मनीषा वळली.

"तू पाचवीत होती. ते चार महिने बाहेर राहून आले, त्याच्या नंतर. मला म्हणाले टाचेला कुरूप आहे. चुना आणि पापडखार घोटून मागायचे. मी द्यायची घोटून. न्हाणीत कडी लावून लावायचे." कुसुमबाईंचा आवाज सपाट होता, जणू पेटीत काय काय भरलं ते सांगताहेत. "मला तेव्हा कळलं नाही. आता कळलं."

"शादीच्या आधीचं नाही मग."

"नाही."

"माहीत होतं त्यांना."

"माहीत होतं."

एक ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसेपर्यंत मनीषा रस्त्याकडे पाहत राहिली. तिचं तोंड लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर व्हायचं तसं झालं होतं. खालचा ओठ बाहेर आलेला, डोळे कोरडे. पाचवीच्या वर्षाची एकेक गोष्ट ती आठवत असावी. सायकलची दांडी, पाढे, गोलाचा नवा आस. सगळं त्याच वर्षाचं होतं.

"मला काहून सांगितलं?" ती म्हणाली.

"तूच विचारलं."

"मी विचारलं. पण तू नाही म्हणायचं होतं, आई."

मुलीचं म्हणणं चूक आहे असं कुसुमबाईंना वाटेना. बरोबर आहे असंही वाटेना. नाही म्हटलं असतं तर आपण तिला पुरत्या परत मिळालो नसतो. हो म्हटलं, तर मिळालो का?

खमरियाची बस दूरवर वळणाशी दिसली. मनीषा रडायला लागली, आवाज न करता, रस्त्याकडे तोंड करून. ती आईसाठी रडत नव्हती, हे कुसुमबाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी हात पुढं करून तिच्या दंडावर ठेवला. मनीषानं तो झटकला नाही. धरलाही नाही.